डिंक, राळ की चीक?

वेंगुर्ल्याच्या फार्मसीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘काजूच्या झाडाचा गम घालून औषधी गोळ्या करण्याबद्दल मराठीत लिहायचं आहे. गमला डिंक म्हणू, राळ की चीक? आणि बाइंडरला, म्हणजे गोळीतली भुकटी धरून ठेवणाऱ्या पदार्थाला, अनुपान चालेल का?’

डिंकच म्हणा, बेधडक. आपल्या माणसांनी हे तिन्ही शब्द वेगळे राखले आहेत आणि रसायनशास्त्रही त्यांच्याच बाजूने आहे. डिंक पाण्यात विरघळतो, निदान फुगतो तरी, कारण तो साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचा असतो. काजूच्या डिंकात गॅलॅक्टोज ही साखर सर्वांत जास्त. राळ पाण्याला दाद देत नाही. म्हणून तर लाकडी होडीच्या फटी बुजवायला राळ आणि तेल वापरत आले. डिंक भरला असता तर होडी किनाऱ्यालाच बुडाली असती! चीक म्हणजे देठ मोडल्यावर गळतो तो, आंब्याचा ओठाला लागला की फोड उठवणारा. काजूच्या बाबतीत तर फारच जपा. बीच्या टरफलातल्या, कातडी सोलवटणाऱ्या तेलालाही लोक चीक म्हणतात. ‘काजूच्या चिकाच्या गोळ्या’ असं छापलंत, तर इथलं कुणी त्या तोंडात घालणार नाही.

गुग्गुळ या वाटणीत बसत नाही. त्यात डिंकही असतो आणि राळही. शिवाय योगराज गुग्गुळासारख्या गोळ्यांत तो औषध म्हणून असतोच, वर बाकीची चूर्णंही धरून ठेवतो.

अनुपान मात्र नको. औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं ते अनुपान: मध, तूप, कोमट पाणी. बाइंडर गोळीच्या आतच असतो. मी त्याला ‘बांधणीद्रव्य’ म्हणेन. लाडू बांधतो तशीच गोळीही बांधायची असते.

पण डिंक दिसला की बांधणीद्रव्य, असं समजू नका. बाभळीचा डिंक बांधतो, आणि जास्त झाला तर गोळी पोटात लवकर सुटत नाही. गवारीचा डिंक पाण्यात फुगतो. थोडा असला तर गोळी फोडायला मदत करतो, तिथे तो ‘विघटक’. भरपूर असला तर भोवती बुळबुळीत थर धरून औषध सावकाश सोडतो. तेव्हा पदार्थ आणि त्याचं काम दोन्ही लिहा: ‘काजूचा डिंक बांधणीद्रव्य म्हणून वापरला.’