तिसरी नीट आणि "जंगलात जाऊन हाडं उकरायचं खूळ"

हे पत्र सावंतवाडीकडच्या एका बाबांचं आहे. बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलगी बारावी सायन्स, ८३ टक्के. नीट दोनदा दिली, दोन्ही वेळेला सरकारी कॉलेजच्या जवळपाससुद्धा स्कोअर नाही. बाबांचं ठरलंय की तिसऱ्यांदा द्यायची, या वेळी लातूरला ठेवून. मुलगी म्हणते मला आर्किऑलॉजी करायचंय आणि त्यातही रेनफॉरेस्टमधली, म्हणजे अ‍ॅमेझॉनसारख्या जंगलात हजारो वर्षांपूर्वी माणसं कशी राहायची, काय लावायची, जंगल कसं बदललं, ते. बाबा लिहितात, "हे रीलवर बघितलेलं खूळ आहे. जंगलात जाऊन हाडं उकरायची हे काय करिअर झालं? आणि सायन्स घेतलं ते सगळं वायाच ना? तुम्ही तिला समजवा, तुमचं ऐकेल." मग सही, आणि सहीच्या खाली ता.क. : "मागच्या वर्षीच्या निकालापासून तिचा मोबाइल मी काढून घेतला आहे. हल्ली ती आमच्यासोबत जेवायला बसत नाही, जास्त बोलतही नाही."

दादा, तुम्ही जे ता.क. मध्ये टाकलंत ना ते खरं पत्र आहे, वरचं दीड पान मला नसतं पाठवलंत तरी चाललं असतं. एकोणीस वर्षांची मुलगी वर्षभर फोनशिवाय, तिच्या मैत्रिणी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेल्या, ही घरात त्याच पुस्तकांसमोर, आणि आता घरच्यांसोबत जेवत नाही. यात मला मार्क दिसतच नाहीत, मला ते रिकामं ताट दिसतंय. तुम्ही वाईट बाप आहात असं मी म्हणत नाहीये, पत्रात क्लासच्या फीसाठी काजूची बाग गहाण टाकायची तयारी आहे असं लिहिलंय तुम्ही, यावरून कळतं की जीव किती आहे. पण ती हे रोज ऐकत असेल का, बागेचं? ऐकत असेल तर तिसऱ्या नीटला ती पेपर सोडवायला बसणार नाही, बाग सोडवायला बसणार आहे, आणि तसे पेपर जात नाहीत हो. वीस वर्षं हेच बघतेय मी.

तर पहिलं काम आज संध्याकाळी करायचं. फोन परत द्या, अट न घालता. जेवताना करिअर हा विषय महिनाभर बंद. तिची झोप, खाणं, आंघोळ असं रोजचं पण बिघडलं असेल किंवा ती "काही उपयोग नाही" छाप बोलत असेल तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आईवडलांनी फोन केला तरी चालतो. ती तिसरी नीट द्यायची का नाही हे तीच सांगेल, आणि ती जर "हो" म्हणाली तर ते तुमच्याकडे न बघता म्हणालेलं असलं पाहिजे.

आता "रीलचं खूळ". वर्षभर मोबाइल तुमच्या कपाटात आहे. मग रील तिने कुठे बघितलं? तुम्हीच मधे एका ओळीत लिहिलंय की ती वाचनालयातून पुस्तकं आणते आणि वहीत काहीतरी नकाशे काढते. फोन नसताना जे खूळ वर्षभर टिकतं त्याला मी तरी खूळ म्हणणार नाही. ती वही बघायला मागा तिच्याकडे. तपासायला म्हणून नको, नुसती बघायला.

आणि "जंगलात काय ठेवलंय" हा जो समज आहे त्यावर मला जरा बोलायचंय, कारण तो एकट्या तुमचाच नाहीये, मोठमोठ्या अभ्यासकांचा होता. बेटी मेगर्स नावाच्या नामांकित अमेरिकन पुरातत्त्वज्ञ होत्या, त्यांचं १९७१ साली ठाम म्हणणं होतं की अ‍ॅमेझॉनची माती इतकी निकस आहे की तिथे मोठी वस्ती उभी राहूच शकत नाही. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की त्याच जंगलात जागोजागी काळ्या मातीचे पट्टे आहेत, ब्राझीलमध्ये त्याला 'तेरा प्रेता' म्हणतात, पोर्तुगीजमध्ये नुसतं काळी माती. खणलं की कोळसा, खापराचे तुकडे, माशांची हाडं. म्हणजे काय तर पिढ्यान्‌पिढ्या वस्तीचा उकिरडा आणि चुलीची राख मुरून तयार झालेली माती, आणि ती इतकी कसदार की आजही तिथले शेतकरी मुद्दाम त्या पट्ट्यात लावतात. तुम्ही बागायतदार आहात, तुमच्याकडे भाजावळ करतात, गावखत घालतात, तुम्हाला हे मी काय सांगायचं! बरं हे सोडा. तुमच्या घरी उपासाला साबुदाण्याची खिचडी होते ना? साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या नैऋत्य भागातला, तिथल्या माणसांनी माणसाळवलेला. त्यात घातलेले शेंगदाणे तिकडच्याच खंडाचे, आणि मिरचीही अमेरिकेतूनच आलेली. आणि तुमची काजूची बाग, जी गहाण टाकायला निघालायत, ते झाडही ब्राझीलचंच, पोर्तुगिजांनी आणलेलं. मुलगी जे शिकायचं म्हणतेय ते तुमच्या ताटात आणि सातबाऱ्यावर आधीच आहे हो.

"सायन्स वाया गेलं" याचं उत्तरही इथेच आहे. रेनफॉरेस्टमध्ये लाकूड कुजतं, आम्लयुक्त मातीत हाडंसुद्धा बऱ्याच ठिकाणी विरघळून जातात, त्यामुळे "हाडं उकरायची" हे तर तिथे फार कमी होतं. मग उरतं काय? गवताच्या पातीने बोट कापतं ना, ते कशाने? झाड पाण्यातून सिलिका शोषतं आणि पेशींमध्ये त्याचे काचेसारखे बारीक कण तयार होतात, भाताच्या तुसात तर भरपूर. पान कुजतं, हे कण मातीत तसेच राहतात हजारो वर्षं आणि बऱ्याच वनस्पतींच्या कणांचा आकार वेगळा ओळखू येतो. यांना फायटोलिथ म्हणतात. बोलिव्हियात यानोस दे मोहोस म्हणून सखल प्रदेश आहे, तिथे १० हजार वर्षांपूर्वी माणसं कसावा लावत होती हे या कणांवरून कळलं, २०२० मध्ये छापून आलंय. आता हे मायक्रोस्कोपखाली ओळखायला कोण लागणार? बॉटनीवाला. तुमची पीसीबी केलेली मुलगी या कामाला इतिहासात बीए केलेल्यापेक्षा दोन पावलं पुढेच आहे, फिजिक्सवर राग काढलेला असला तरी (नीटच्या मार्कांचं विषयवार कोष्टक बघितलं मी, बायोमध्ये तिने काहीच वाईट केलेलं नाहीये).

आता थोडं तिच्याशी. अगं, बाबांना बरंच सुनावलं म्हणून तू सुटलीस असं नाही. तू बाबांच्या पत्राला जी चिठ्ठी जोडलीयस त्यात 'हरवलेली शहरं' हा शब्द चार वेळा आहे. इक्वाडोरमध्ये उपानो नदीच्या खोऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटरमध्ये सहा हजारांहून जास्त मातीचे चौथरे आणि सरळसोट रस्ते निघाले, ही बातमी २०२४ ची, तीच वाचली असशील तू. विमानातून लेझर सोडून झाडांच्या खालची जमीन बघितली, लायडार म्हणतात त्याला, सगळं खरंय. पण ते लायडार उडवलं २०१५ मध्ये, आणि स्तेफेन रोस्तां हा फ्रेंच माणूस तिथे नव्वदच्या दशकापासून खणत होता. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं चिखल, आणि मग एक दिवस बातमी. यातला बातमीचा दिवस तुला आवडलाय, चिखल आवडतो का ते अजून तुलाच माहीत नाही. रोजचं काम म्हणजे माती पाण्यात ढवळायची, वर तरंगलेला कोळसा आणि जळकी बियाणं जाळीत धरायची, वाळवायची, पुड्यांवर नंबर टाकायचे, मग महिनोन्‌महिने मायक्रोस्कोप. आणि तिकडचं हरवलेलं वगैरे काही नाही, तिथल्या आदिवासींना ते टेकाड माणसांनी केलेलं आहे हे पुष्कळदा माहीत असतंच, विचारायला कोणी जात नाही.

आणि एकदम अ‍ॅमेझॉनच कशाला? स्पॅनिश नाहीतर पोर्तुगीज आल्याशिवाय तिथे काही होत नाही, परवानग्या, पैसे वेगळेच. श्रीलंका बघ की, इथे शेजारी. तिथल्या ओल्या जंगलात फा-हिएन लेना नावाची गुहा आहे (सिंहलीतलं 'लेन' आणि आपलं 'लेणं' भावंडंच). तिथे ४८ हजार वर्षांपूर्वीपासून माणसं राहात होती, आणि खात काय होती तर माकडं आणि खारी. झाडावरची चपळ जनावरं पकडायची म्हणजे हत्यार तसं लागणार, तर हाडाची बारीक टोकं सापडलीत, बाणाची असावीत असं अभ्यासक म्हणतात. त्या भागातल्या गुहांमध्ये मिळालेल्या माणसांच्या दातांतला कार्बन तपासून ते जंगलातलंच खाऊन जगत होते हे काढलंय. माणूस आधी मोकळ्या माळावर आणि जंगलात फार उशिरा, ही समजूत अशा कामांनी मोडली. २०२५ मध्ये तर आयव्हरी कोस्टमधून दीड लाख वर्षांपूर्वीचा पुरावा आलाय. जंगलातले जुने परागकण (तेही मातीत टिकतात, त्यावरून तेव्हा कुठली झाडं होती ते कळतं) शिकायचे तर लखनौची बिरबल सहानी इन्स्टिट्यूट आहे, पाँडिचेरीची फ्रेंच इन्स्टिट्यूट आहे, आणि पश्चिम घाट तुझ्या परसात आहे.

रस्ता सोपा आहे, एका दमात सांगते: आत्ता बीएस्सी बॉटनी किंवा जिऑलॉजीला प्रवेश, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये एमए आर्किऑलॉजी, तिथे कुठल्याही शाखेची पदवी चालते, मग नेट-जेआरएफ (परीक्षा देऊन मिळणारी संशोधनाची सरकारी फेलोशिप) आणि पीएचडी, किंवा पुरातत्त्व खात्याचा ग्रेटर नोएडातला दोन वर्षांचा डिप्लोमा.

पैशांचं खोटं सांगणार नाही. कायम नोकऱ्या थोड्या आहेत, जाहिराती वर्षानुवर्षं निघत नाहीत, जेआरएफ मिळाली तर महिना ३७ हजार, नाही मिळाली तर एकेका प्रोजेक्टवर दिवस काढावे लागतात. पण बीएस्सी बॉटनीचा फायदा असा की तीन वर्षांनी चिखलाचा कंटाळा आला तर बाकीची दारं उघडी असतात, तिसरी आणि चौथी नीट देऊन ती उघडत नाहीत. म्हणून मी आर्किऑलॉजीला आत्ता हो पण म्हणत नाही आणि नाही पण. बीएस्सीच्या प्रवेशाची तारीख तेवढी चुकवू नका, बाकी ठरवायला वेळ आहे.

आणि दादा, तुम्हाला एक काम. मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत, जांभ्यात कोरलेली, युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत, कुणी कोरली, कधी कोरली यावर अजून एकमत नाही. तुमच्यापासून गाडीने फार लांब नाही. तिला घेऊन जा, दोघंच, आणि तिला बोलू द्या, ती काय बघते ते बघा. आत्ता पावसात नको, गवत वाढून चित्रं झाकलेली असतात, दिवाळीनंतर जा. पाणी जास्त घ्या, सड्यावर सावली नाही.