उघडं दिसलं तर सांग

सहकारनगर, पुणे 9

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आणि आई पेढे घेऊन येऊन गेलात. तू आत काकूशी बोलत होतीस, तेव्हा आईनं मला हळूच विचारलं, "आता बोटी बुडत नाहीत ना हो?" मी म्हणालो, "छे, आताची जहाजं फार सुरक्षित असतात, काळजी करू नका." तिचा चेहरा जरा सैल झाला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण तुम्ही गेल्यापासून ते वाक्य मला टोचतंय. पंधरा दिवसांनी तू कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून जहाजावर चढणार. तुला खरं काय ते सांगायलाच हवं.

जहाजं बुडतात. आदळतात, पेटतात, कलंडतात. सगळा दोष वादळाच्या माथी मारून आपण मोकळे होतो, पण चौकशीचे अहवाल वाचायला घेतलेस की दिसेल, कितीतरी पानं वादळाच्या आधीच्या गोष्टींनी भरलेली असतात. कुणी काय पाहिलं होतं आणि कोण बोललं नाही, याचीच ती पानं.

माझं आजोळ रेवसच्या जवळ. आषाढातली गटारी आली की आजी रामदास बोटीचं सांगायला बसायची. 17 जुलै 1947. स्वातंत्र्याला महिना राहिलेला. सणाला घरी जाणाऱ्या माणसांनी भरलेली रामदास सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी दर्या, वारा. काशाच्या खडकाजवळ लाटेनं बोट कलली, घाबरलेली माणसं एका अंगाला गोळा झाली आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. वाचले त्यांतल्या अनेकांना कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. मुंबईला खबर लागायला कित्येक तास गेले. आजी गोष्ट संपवताना दर वेळी माझा दंड धरायची आणि म्हणायची, "बोट कलली तर धावायचं नाय." मी पुढे जहाजाच्या तोलाचं शास्त्र शिकलो, परीक्षा दिल्या, पण त्या सगळ्याचं सार तिनं आधीच माझ्या दंडावर दाबून ठेवलं होतं.

आज घरी एक कर. मोठी परात घे, बोटभर पाणी घाल आणि स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत चालत जा. पाणी एका कडेला धावतं, परात त्या बाजूला ओढते, तू सावरायला जातेस तर पाणी दुसऱ्या कडेला. मनगटाला जो हिसका बसतो तो लक्षात ठेव. मग तेच पाणी तांब्यात घेऊन चाल. काही होत नाही. पुस्तकात याला 'फ्री सरफेस' म्हणतात. पाणी किती आहे यापेक्षा ते किती पसरायला मोकळं आहे, यावर सगळं ठरतं.

हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ ही अशीच एक परात होती. मोटारी आणि ट्रक थेट आत नेणारी फेरीबोट, आतला डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, मध्ये आडभिंत नाही. 6 मार्च 1987 च्या संध्याकाळी ती बेल्जियममधल्या झेब्रुगा बंदरातून इंग्लंडमधल्या डोव्हरला निघाली तेव्हा तिचे नाळेकडचे, म्हणजे पुढच्या टोकाचे दरवाजे उघडे होते. वेग वाढला तसं समोरचं पाणी चढून आत आलं, वाहनांच्या डेकवर पसरलं आणि बघता बघता जहाज आडवं झालं. बंदर अजून डोळ्यांसमोर होतं. 193 माणसं गेली.

बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. दरवाजे लावायचं काम असिस्टंट बोसनचं. तो आपल्या खोलीत झोपलेला होता, जहाज सुटताना आपापल्या जागी जाण्याची हाक त्याला ऐकू आलीच नाही. लक्ष ठेवायचं काम ज्या अधिकाऱ्याचं, त्याला वाटलं की असिस्टंट बोसन येतोय, म्हणून तो ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत निघून गेला. कॅप्टनला उलटी खबर कुणी दिली नाही, तेव्हा दरवाजे लागलेच असणार असं त्यानं धरलं. आणि बोसन त्या दरवाजांपाशी होता. त्यानं ते उघडे पाहिले. ते लावणं आपल्या कामात बसत नाही, असं त्याला वाटलं.

या शेवटच्या माणसापाशी मी दर वेळी अडकतो. तो वाईट नव्हता, आळशी नव्हता. रोज दुसराच कुणीतरी लावायचा, तसा आजही लावेल. चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी त्याच्यावर खापर फोडून फाईल मिटली नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ढिसाळपणा कंपनीत वरपासून खालपर्यंत मुरला होता, असं त्यांनी लिहिलं. दरवाजे लागले की नाही हे ब्रिजवर दाखवणारा दिवा बसवा, असं कॅप्टन लोकांनी आधी सुचवलं होतं आणि ऑफिसात त्याची टिंगल झाली होती. एका दिव्याचा खर्च! आज तुझ्या हातात सुरक्षिततेचं जे जाडजूड मॅन्युअल देतील ना, त्यामागच्या आयएसएम नियमावलीला, म्हणजे जहाजं सुरक्षित चालवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांना, या अपघातानं मोठी चालना दिली. ते मॅन्युअल कंटाळवाणं आहे. तरी वाच.

आता माझं सांगतो. हे मी काकूलाही पुरतं सांगितलेलं नाही.

माझं पहिलंच जहाज, वय अठरा. होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या तळघरात, लाकडाचे ओंडके भरले होते. सकाळी डेकवरून जाताना होल्डमध्ये उतरायच्या वाटेचं झाकण मला उघडं दिसलं. दोरी बांधलेली नाही, पाटी नाही. मनात आलं, वरिष्ठांनी हवा खेळायला उघडं ठेवलं असेल, आपण कोण विचारणार? पुढे गेलो. तासाभरानं आरडाओरड झाली. एक खलाशी आत उतरला होता आणि शिडीच्या पायथ्याशी पडला होता. त्याच्यामागे दुसरा धावत उतरला, तोही अर्ध्यावर कोसळला. वरून मला फक्त टॉर्चचा उजेड दिसत होता. टॉर्च कुठेतरी आडवी पडून लाकडांवर प्रकाश टाकत होती, हलत नव्हती. मी पाय पहिल्या पायरीवर टाकला आणि मागून कुणीतरी कॉलर धरून मला डेकवर आपटलं. आमचे सारंग होते, खलाशांचे मुकादम, रत्नागिरीकडचे. "खाली हवा नाय! मरशील!" एवढंच ओरडले आणि श्वासाचे सिलिंडर आणायला माणसं पळवली.

दुसरा वाचला. पहिला वाचला नाही.

ओलं लाकूड, कोळसा, भंगार लोखंड, नुसता गंजसुद्धा बंद जागेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. बाहेर तो जेमतेम 21 टक्के असतो. आत तो उतरला की ना वास येतो ना घुसमट जाणवते, गुडघेच जातात. आणि अशा जागी मरणाऱ्यांत वाचवायला धावलेले किती असतात, हे वाचलंस तर झोप उडेल. म्हणून, बेटा, मीटरनं हवा तपासून लेखी परवानगी मिळाल्याशिवाय कुठल्याही टाकीत, होल्डमध्ये, नांगराच्या साखळीच्या चेन लॉकरमध्ये पाय टाकायचा नाही. आत तुझी जिवलग मैत्रीण पडलेली दिसली तरी नाही. घंटा वाजव, ओरड, माणसं गोळा कर. त्या दोन मिनिटांत तुला स्वतःची शरम वाटेल. वाटू दे.

सारंगांनी मला कधी विचारलं नाही, पण ते उघडं झाकण मी पाहिलं होतं.

स्वीडनच्या राजाचं वासा नावाचं भव्य लढाऊ जहाज 1628 मध्ये पहिल्याच सफरीत जेमतेम सव्वा किलोमीटर जाऊन बुडालं. त्याआधी धक्क्यावर तोल तपासायला तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवलं होतं. जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणीच थांबवली. जहाज मात्र थांबवलं नाही, कारण राजाला घाई होती. टायटॅनिकचं तुला माहीतच आहे, पण एवढं लक्षात घे की तिच्यावर नियमापेक्षा जास्त होड्या होत्या. नियमाप्रमाणे 16 लागत, तिच्यावर 20 होत्या. माणसं बावीसशेच्या आसपास आणि होड्यांत जागा 1178. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एवढं मोठं जहाज नव्हतंच. आजचे नियमही कालच्या अपघातांवरून लिहिलेले आहेत. उद्याचा अपघात त्यांत असेलच असं नाही.

डालीचं तर ताजं आहे. 26 मार्च 2024, बाल्टिमोरमध्ये मध्यरात्रीनंतर जवळपास तीनशे मीटर लांबीच्या त्या कंटेनर जहाजाची वीज गेली आणि ते पुलाच्या खांबावर आदळलं. पूल कोसळला. खलाशी बहुतेक आपलेच, भारतीय. अमेरिकेच्या तपासात वीज जाण्याचं मूळ एका वायरपाशी सापडलं. वायरच्या टोकाला नाव-क्रमांकाची पट्टी असते, ती अशी बसली होती की वायर खाचेत पुरती आत गेलीच नव्हती. जहाजावर हजारो वायरी, त्यांतली ही एक! पण याच रात्रीची दुसरी बाजूही वाच. जहाज हाताबाहेर जातंय हे दिसताच पायलटनं, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्या माणसानं, धोक्याचा इशारा दिला आणि पोलिसांनी पुलावर येणारी वाहनं वेळेत अडवली. कितीतरी लोकांना तो इशारा तारून गेला. पुलावर खड्डे बुजवणाऱ्या मजुरांपर्यंत मात्र तो पोचला नाही. त्यांच्यातले सहा जण गेले.

तुला बोलायला जड जाईल, हे मला ठाऊक आहे. तू जहाजावर सगळ्यांत लहान, त्यातून मुलगी, आणि समोर वीस-वीस वर्षं समुद्रावर काढलेली माणसं. "सर, झाकण उघडं दिसलं, मुद्दाम ठेवलंय का?" एवढंच विचार. हे वाक्य आत्ताच पाठ कर, म्हणजे त्या वेळी जीभ अडणार नाही. कुणी खेकसला तर खेकसू दे. कुणी "बरं झालं सांगितलंस" म्हणाला, तर त्या माणसाला धरून राहा, तो तुला बरंच शिकवेल.

निघायच्या आधी खडकवासल्याच्या बाजूला गेलीस तर तिथल्या जल आणि विद्युत संशोधन केंद्राकडे एकदा मान वळवून बघ. बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत लाटा सोडतात तिथे. नोकरीत असताना मी ते एकदा पाहिलं होतं. गुडघ्याएवढ्या पाण्यात अख्खं बंदर. ते काम बघताना मला फार आपलंसं वाटलं होतं.

आईला मी उद्या फोन करतो आणि तिच्या प्रश्नाचं नीट उत्तर देतो. तू माझ्यासाठी एक कर. पहिल्या रात्री, कितीही दमली असलीस तरी, केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे संकटात सगळ्यांनी जमायच्या जागेपर्यंत, डोळे मिटून, हातानं भिंत चाचपत जा. वळणं मोज, पायऱ्या मोज. दिवे गेले आणि धूर भरला तर तेवढंच हाताशी राहतं. दुसऱ्या रात्री पुन्हा कर. नेटवर्क मिळालं की पायऱ्या किती भरल्या ते मला कळव.

तुझा,
काका