तिसऱ्या वाचनाला धारा कमी का भरते?

प्रश्न : माझी पदवी वनस्पतिशास्त्राची, पण नववी-दहावीचे भौतिकशास्त्रही माझ्याकडेच आहे. दोन दिव्यांच्या एकसर (एकापुढे एक) जोडणीत धारा, म्हणजे करंट, सगळीकडे सारखी असते, हे दाखवायला गेले तर ॲमीटरवर ओळीने २१०, २०५, १९० मिलिॲम्पिअर आले. मुले म्हणाली, ‘दिव्यांनी करंट खाल्ला.’ ‘मीटर जुना आहे’ म्हणून मी वेळ मारून नेली. तेव्हापासून कुठलाही प्रयोग काढला की वर्ग हसतो.
– एक शिक्षिका, देवगड तालुका

उत्तर : मीटर बहुधा ठीक आहे, उतरताहेत ते घट. टॉर्चचे साधे सेल दोनशे मिलिॲम्पिअर देत राहिले की मिनिटा-दोन मिनिटांत विद्युतदाब घसरतो. तुम्ही ॲमीटर पहिल्या दिव्याआधी, मग मधे, मग दुसऱ्यानंतर लावला असणार, म्हणून उशिराचे वाचन कमी.

आता तोच प्रयोग उलट्या टोकाकडून करा. ॲमीटर आधी दुसऱ्या दिव्यापलीकडे लावा. या वेळी सर्वांत मोठा आकडा तिथेच येईल. दिवे करंट खात असते, तर असे झाले नसते. कळ दाबण्याआधी प्रत्येकाला अंदाज वहीत लिहायला लावा, नाहीतर ‘मला ठाऊकच होते’ म्हणणारे निम्मे निघतात.

मग नीट वाचने घ्या : नवे सेल, ०–५०० मिलिॲम्पिअरचा मीटर (०–३ ॲम्पिअरच्या मीटरवर काटा जेमतेम हलतो), कळ फक्त तीन-चार सेकंद दाबलेली आणि शेवटी पहिल्या जागेचे वाचन पुन्हा एकदा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत क्लिपांवर गंज आणि पितळी स्क्रूंवर हिरवा थर चढतो. प्रत्येक वेळी तार काढून लावताना तिथला रोध बदलतो. आधी पॉलिशपेपर मारा.

दिव्यांत खर्च होते ती ऊर्जा, प्रभार नाही. हे वाक्य फळ्यावर लिहायचेच, पण वाचनांनंतर.

पदवी कुठलीही असो, प्रयोग आदल्या दिवशी एकट्याने करून बघितला तर ‘मीटर जुना’ म्हणायची पाळी सहसा येत नाही. जाता जाता : ओहमच्या नियमासाठी (विद्युतदाबाच्या प्रमाणात धारा) दिवा वापरू नका. तापली की त्याच्यातली तार जास्त रोध करते आणि आलेख वाकतो. नायक्रोमची तार घ्या.

प्रश्न : सर म्हणतात, गोड्या पाण्यात होडी जास्त बुडते. आजोबा म्हणतात, जन्मभर होडी चालवली, खाडीत नि समुद्रात फरक कधी दिसला नाही. खरे कोणाचे?
– एक विद्यार्थिनी, दाभोळ

उत्तर : दोघांचेही. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे १.०२५ टन, गोड्याची १ टन. दहा टनांची होडी गोड्या पाण्यात १० घनमीटर पाणी सारते, समुद्रात ९.७६. पाण्याच्या रेषेवर होडीचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर धरले तर फरक जेमतेम सव्वा सेंटिमीटर. लाटेत तो आजोबांना काय, कोणालाच दिसायचा नाही. त्यातून खाडीच्या तोंडाशी पाणी खारटच.

स्ट्रॉच्या तळाला मेण लावून बूच घाल, आत बारीक वाळू भर, गोड्या पाण्यात १० सेंटिमीटर बुडेल इतकी. समुद्राच्या पाण्यात ती अडीच मिलिमीटर वर येईल. विरघळेनासे होईपर्यंत मीठ घातलेल्या पाण्यात (एका लिटरला साधारण ३५० ग्रॅम) मात्र दीड सेंटिमीटरहून जास्त. वाळू कमी पडली तर स्ट्रॉ आडवी होते. आजोबांना हीच दाखव.