बागकामाच्या इन्स्टाग्राम अकाउंटसाठी आकर्षक बायो काय लिहावा?

प्रश्नातला 'आकर्षक' हा शब्द आधी काढून टाका, अर्धं काम तिथेच होईल. "निसर्गप्रेमी", "मातीशी नातं", "हिरवाईच्या सहवासात" आणि पुढे पानांच्या इमोजींची रांग, असले बायो मी रोज बघते. त्यातून त्या माणसाच्या बागेबद्दल काडीचंही कळत नाही. आणि "बागकाम तज्ज्ञ" तर अजिबात लिहू नका. तो शब्द माझ्या बायोत वर्षभर होता, म्हणून एवढ्या पोटतिडकीने सांगतेय.

माझा भाचा लोकांची अकाउंट्स सांभाळायचं काम करतो. मी अकाउंट काढलं तेव्हा बायो त्यानेच लिहून दिला: "बागकाम तज्ज्ञ. तुमच्या झाडांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर." मी म्हटलं, अरे, मी बाल्कनीत चौदा कुंड्या लावणारी बाई, तज्ज्ञ कुठून झाले? तर म्हणे, "मावशी, प्रोफाइलवर कमीपणा घ्यायचा नसतो. ठासून बोलणाऱ्यालाच लोक फॉलो करतात." फॉलोअर वाढले, हे मी नाकारत नाही.

मग एका बाईंचा मेसेज आला. ड्रममध्ये लावलेलं आठ वर्षांचं लिंबाचं झाड, पानं पिवळी पडताहेत, काय करू? सोबत एकच फोटो. खालची जुनी पानं सरसकट पिवळी. जुनी पानं आधी पिवळी पडली की नत्र कमी, हे मला पाठ होतं. (नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असत्या तर लोह म्हटलं असतं.) खत घाला, पाणी चुकवू नका, असं दोन मिनिटांत लिहून मोकळी झाले. ड्रमच्या बुडाला भोक आहे का, बोट खुपसलं तर आत माती ओली लागते की कोरडी, काही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी दुसरा फोटो आला. झाड उपटून वर्तमानपत्रावर आडवं ठेवलेलं, मुळं काळी पडलेली. त्यांनी लिहिलं होतं, मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. मुळं कुजल्याची याहून स्पष्ट खूण नाही. ड्रमचं भोक कधीचंच बुजलेलं होतं. मुळं गुदमरली की झाडाला मातीतलं अन्न घेता येत नाही आणि पानं तशीच पिवळी पडतात. म्हणजे कुजत्या मुळांवर मी आणखी खत आणि पाणी ओतायला लावलं होतं. त्या बाई चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या प्रोफाइलवर तज्ज्ञ लिहिलंय, म्हणून दुसऱ्या कुणाला विचारलं नाही."

त्याच रात्री मी बायो बदलला. आता तो असा आहे:

"पूर्वेची बाल्कनी, सकाळी ३ तास ऊन. १४ कुंड्या. पालेभाज्या, पुदिना, नेचे. जगलेलं-मेलेलं दोन्ही दाखवते."

यात कौतुकाचा एकही शब्द नाही, पण वाचणाऱ्याला हवं ते सगळं आहे. कुंडीतल्या बागेत बहुतेक गोष्टी उन्हावर ठरतात. टोमॅटोला रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या तीन-चार तासांत भागवतात. ज्याच्याकडे दिवसभर तापणारी गच्ची आहे, त्याला माझं पाणी घालायचं वेळापत्रक घातक ठरेल. त्याने मला फॉलो केलं नाही तर दोघांचंही भलंच आहे. तेव्हा तुमच्या बायोत दिशा, उन्हाचे तास, जागा केवढी आणि काय लावता, एवढं आलंच पाहिजे.

भाच्याने वाचलं आणि लगेच फोन केला, "मावशी, 'मेलेलं' असं कुणी प्रोफाइलवर लिहितं का?" त्यावरून आमचं अजून वाजतं. तो आकडे दाखवतो. मी त्याला सांगते, आता येणारे मेसेज बघ. "माझीही पूर्वेची बाल्कनी आहे, पुदिना का लांबट होतोय?" असा नेमका प्रश्न तज्ज्ञ असताना एकदाही आला नव्हता. हे उत्तर तो वाचेलच. वाचू दे.

आता थोडं तांत्रिक. बायोला १५० अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत ती भराभर संपते, कारण काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'कुंड्या' हा आपल्या लेखी दोन अक्षरी शब्द, तिथे सात जागा खातो. माझा बायो शंभर जागांत बसला, त्यामुळे जागा पुरत नाही ही सबब ऐकायची नाही. युजरनेम देवनागरीत घेता येत नाही, पण त्याखालच्या नावाच्या रकान्यात देवनागरी चालते. लोक शोधतात तेव्हा हे नाव बघितलं जातं, म्हणून 'बाग' किंवा 'कुंडी' हा शब्द तिथे घाला. नाव चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतं, त्यामुळे विचार करून ठेवा.

एक राहिलंच. तुम्ही रोपं किंवा बिया विकणार असाल तर माझं सगळं लागू नाही. तिथे काय मिळतं, कुठपर्यंत पाठवता आणि ऑर्डर कशी द्यायची, हे आधी यायला हवं. आणि कुणी खरोखर उद्यानविद्या शिकलेलं असेल तर शिक्षण बेलाशक लिहावं, माझा राग त्यांच्यावर नाही.

तुमची बाग कशी आहे ते मात्र तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही. गच्ची, खिडकी की अंगण? एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला जाऊन ऊन कुठपर्यंत आलंय ते बघा, तास मोजा आणि कळवा. ओळ मी जुळवून देते.