शेळीच्या देवीची लस गाईला लम्पीपासून कशी वाचवते?

आपण विचारले आहे की, २०२२ साली लम्पीच्या साथीत गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली, ती परक्या रोगाची असून उपयोगी कशी पडली, आणि तसे असेल तर लम्पीतून बरी झालेली गाय लाळ्या-खुरकुतीपासूनही वाचेल का. मी सांगली जिल्ह्यात, आटपाडी-जतच्या बाजूला, जनावरांवर उपचार करतो आणि हे दोन्ही प्रश्न मला गोठ्यागोठ्यात विचारले गेले आहेत.

शेळ्यांची देवी, मेंढ्यांची देवी आणि लम्पी हे तिन्ही रोग कॅप्रीपॉक्स या एकाच गटातल्या विषाणूंमुळे होतात. या तिघांची जनुकीय रचना सुमारे ९७ टक्के सारखी असल्यामुळे रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत लम्पीची प्रतिपिंडे कोणती आणि शेळीच्या देवीची कोणती, हे वेगळे काढता येत नाही. शरीर विषाणूला रोगाच्या नावाने ओळखत नाही. ते त्याच्या प्रथिनांचे ठरावीक तुकडे ओळखते आणि ध्यानात ठेवते. लसीतल्या सौम्य विषाणूने गाईच्या पेशींना जे तुकडे दाखवले, तेच बहुतांशी लम्पीच्या विषाणूवरही असतात. हे संरक्षण तयार व्हायला टोचल्यापासून साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून लस दिल्यानंतर लगेच गाठी उठल्या की ती फुकट गेली असे म्हणणे बरोबर नाही, कारण बहुधा लागण आधीच झालेली असते. मानेवर, खांद्यावर, कासेवर सुपारीएवढ्या टणक गाठी, पायाला सूज आणि वैरणीला तोंड न लावणारी खिलार गाय मी पाहिली आहे, आणि लस घेतलेली, चार-दोन गाठींवर निभावून दावणीला शांतपणे रवंथ करणारी गायही पाहिली आहे. लस सर्वच जनावरांना पूर्णपणे वाचवत नाही, पण हा फरक लहान नव्हे.

माणसांच्या देवीचा इतिहासही याच वाटेने गेला. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीचा द्रव एका मुलाला टोचला, आणि त्या लसीची भारतातली पहिली टोचणी १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल हिला झाली. देवीच्या लसीने आजही मंकीपॉक्सपासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते, कारण तो विषाणूही त्याच घराण्यातला आहे.

मात्र वरवरच्या साम्यावर जाऊ नये. कांजिण्यांचे फोड देवीसारखे दिसतात, परंतु त्यांचा विषाणू नागिणीचा, म्हणजे अगदी वेगळ्या कुळातला असल्याने देवीची लस तिथे काहीच करत नाही. उलट लाळ्या-खुरकुतीत रोग एकच असूनही विषाणूचे सात प्रकार आहेत आणि एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही, कारण प्रतिपिंडे ज्या बाह्य आवरणावर पकड घेतात तेच प्रत्येक प्रकारात वेगळे असते. म्हणूनच आपल्याकडच्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार एकत्र घालावे लागतात.

अर्धवट साम्य तर कधी घातकही ठरते, आणि हे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा झालेला प्रकार बहुधा जन्मभर पुन्हा होत नाही, इतर प्रकारांपासून मात्र काही महिनेच आडोसा मिळतो. पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर जुनी प्रतिपिंडे विषाणूला चिकटतात पण त्याला निकामी करत नाहीत, उलट त्याला पेशींत शिरायला मदत करतात, आणि आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. म्हणून पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाने नवा ताप अंगावर काढू नये.

तेव्हा आपल्या गाईला लाळ्या-खुरकुतीची लस दर सहा महिन्यांनी द्यावीच लागेल; विषाणूंची दोन्ही कुळे एकमेकांना पूर्णपणे परकी आहेत. तिच्या वासराला चिकातून मिळालेले लम्पीविरुद्धचे संरक्षण काही महिन्यांत ओसरते, त्यामुळे चार महिन्यांनंतर त्यालाही लम्पीची लस टोचून घ्यावी. २०२३ मध्ये लम्पीने वासरांनाच जास्त गाठले होते.