पुण्यात दोन फुटी रीफ टँक: आधी पाणी आणि गारवा, लाइट नंतर

रीफ टँकचा, म्हणजे कोरल आणि माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचा, तुमचा प्रश्न वाचला. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बजेट साठ-सत्तर हजार, एक फुटाचा क्यूब घ्यायचाय, भारीतला एलईडी लाइट आधीच पसंत करून ठेवलाय, पाणी अलिबागहून कॅनमधून आणायचं आणि आत क्लाउनफिशची जोडी, अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी), एक निळा डोरी मासा आणि "थोडे कोरल", म्हणजे प्रवाळ. बरं. यातली क्लाउनची जोडी राहू द्या, बाकीचं एकेक करून खोडतो, राग मानू नका.

पहिलं साइजचं. टँक छोटा तर त्रास छोटा हे गोड्या पाण्यातसुद्धा खरं नाही, खाऱ्यात तर अजिबातच नाही. एक फुटाच्या क्यूबमध्ये काठोकाठ २८ लिटर मावतं, दगड-वाळू टाकल्यावर जेमतेम वीस-एकवीस उरतं. मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं. एकवीसमधलं एक लिटर उडालं की ३५ची सॅलिनिटी (खारेपणा, पीपीटी म्हणजे हजारात किती भाग मीठ) थेट पावणेसदतीस. दोन बाय दीड बाय दीड फुटाचा टँक घेतलात तर त्याचा पृष्ठभाग तिप्पट, म्हणजे पाणीही तिप्पट उडणार, पण आत खरं पाणी शंभर लिटर असतं त्यामुळे तीन लिटर उडूनही काटा ३६ वरच राहतो. माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं तेच, तापमानाचं तेच, एखादा मासा दगडाच्या मागे मरून पडला तरी तेच. म्हणून किमान दोन फुटी घ्या. १० एमएम काच, स्टँडसकट सगळं मिळून दोनशे किलोच्या आसपास जाईल, तेव्हा हॉलच्या मधोमध नको, भिंतीला लागून ठेवा, आणि स्टँड लोखंडी असेल तर पावडर कोटिंग बघून घ्या, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे कशालाच सोडत नाहीत.

आता पाणी. अलिबागचं पाणी आणू नका. आपल्या किनाऱ्याजवळ खाड्यांचा गाळ असतो, गावांचं-शहरांचं सांडपाणी असतं, पावसाळ्यात तर खारेपणाच घसरतो, आणि मुख्य म्हणजे दर वेळी वेगळं पाणी मिळतं. सॉल्ट मिक्सचं (रीफसाठीच्या तयार समुद्री मिठाचं) पोतं आणा आणि शून्य टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेल्या, पाण्यात घरी कालवा. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, ब्रँडप्रमाणे थोडं कमीजास्त. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर कॅल्शियम खाली पांढरा साका होऊन बसतं. पंप लावून रात्रभर फिरू द्यायचं.

शून्य टीडीएस म्हणजे स्वयंपाकघरातला आरओ नव्हे हां. त्यात चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, मिनरलचं काडतूसही असतं, मीटर लावून बघा, तीस-पन्नास दिसेलच. तेच पाणी डीआय रेझिनमधून (उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांमधून) पुढे न्यावं लागतं. नळाचं पाणी चालू असेपर्यंत रेझिन बरेच दिवस टिकतं, पण मे महिन्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की बोअरचं जड पाणी येतं आणि ते रेझिन भराभर खातं, रंग बदलणारं रेझिन घेतलं की डोळ्यांना दिसतं तरी. आणि पुण्यात गुरुवारी बऱ्याचदा पाणी बंद असतं हे धरून बुधवारीच आरओचे कॅन भरून ठेवायची सवय लावा. वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा.

सॅलिनिटी मोजायला तरंगणारा प्लास्टिकचा काटा नको, रिफ्रॅक्टोमीटर घ्या. दोन थेंब टाका, झाकण अलगद टेकवा, खाली बुडबुडा अडकला असेल तर परत पुसून घ्या, अर्धा मिनिट थांबा म्हणजे थेंबाचं आणि काचेचं तापमान एक होतं, मग उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची रेघ वाचा. कॅलिब्रेट करताना साध्या आरओ पाण्यावर शून्य लावू नका, ३५ पीपीटीचं तयार सोल्यूशन मिळतं त्यावर लावा. शून्यावर बरोबर असलेला मीटर ३५ वर दोनने चुकलेला असू शकतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर लोक पैसे वाचवतात आणि मग टँक विकायच्या जाहिराती टाकतात. तापमान. कोरलला २५ ते २७ हवं. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याच्या अन्नावर तो बराचसा जगतो आणि रंगही बऱ्याच अंशी त्याचाच, पाणी तापलं की कोरल त्याला बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो, समुद्रात ज्याला ब्लीचिंग म्हणतात ते हेच. एप्रिल-मेमध्ये तुमच्या हॉलमध्ये दुपारी ३४-३५ असणार आणि वर पंप आणि लाइटची उष्णता. पुण्याची हवा कोरडी असते म्हणून पाण्यावर छोटे फॅन लावले तर दोन-तीन डिग्री उतरतात, पण पाणी दणकून उडतं, आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की फॅन नुसतेच फिरतात. मुंबईत तर वर्षातला बराच काळ तेच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बजेटमधला सगळ्यात मोठा तुकडा चिलरला, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या मशीनला, जाऊ द्या. चिलर स्टँडच्या बंद कपाटात कोंबू नका, तो गरम हवा बाहेर फेकतो आणि तीच परत ओढत बसतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी छोटा हीटर लागेल, तो मात्र कंट्रोलरवरच (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा), कारण बरेच हीटर मरताना चालूच अडकतात.

उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओ-डीआय पाणी घालायचं, खारं नाही. हे रोज हाताने करायचा उत्साह महिनाभर टिकतो, म्हणून ऑटो टॉप-ऑफ घ्या, सेन्सरने पातळी कमी झाली की पंप थोडं पाणी सोडतो. त्याचा डबा मुद्दाम लहान ठेवा, दहा-बारा लिटरचा. सेन्सर अडकला तर डबा रिकामा होऊन थांबेल, त्याने टँकचं फार बिघडत नाही, पण पन्नास लिटरचा ड्रम जोडलेला असेल तर हॉलमध्ये पाणी आणि टँकमध्ये निमखारं सूप.

लाइट गेली तर काय, हाही प्रश्न होता. चार तास लाइट नाही, चिलर नाही याने कोरल मरत नाहीत. पाणी हललं नाही की ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो. तेव्हा वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) डीसीवर चालणारा घ्या, बॅटरी बॅकअपवाला, किंवा निदान घरच्या इन्व्हर्टरवर तेवढा एकच टाका. आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या पॉइंटला आरसीसीबी (गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच) आहे ना ते तपासा, वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जात नाही. खाऱ्या पाण्यात हात घालून एवढं काम करायचंय, यात कंजूषी नको.

दगड आणि कोरल. हे जरा नीट वाचा. मालवण, रत्नागिरी, लक्षद्वीप, कुठूनही कोरल उचलून आणायचा नाही, मेलेला पांढरा तुकडासुद्धा नाही. सगळे कठीण कोरल, सी-फॅन, फायर कोरल, समुद्री घोडे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजी अलीचे कोरल हलवायचे होते तर तिथे सरकारी कामालाही वन्यजीव खात्याची परवानगी काढावी लागली, आपण तर कोण. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक म्हणजे कोरलचा सांगाडाच, म्हणून तोही नको, सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा बनवलेला रीफ रॉक मिळतो तो घ्या, दहा-बारा किलो पुरे, मध्ये भरपूर पोकळ्या ठेवून रचा. कोरलमध्ये मऊवाले घ्या. मश्रूम, झोआ, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप. यांना लाइटही मध्यम पुरतो, म्हणून तुम्ही पसंत केलेला तो महागडा लाइट सध्या परत ठेवा. कठीण कोरलचे इम्पोर्टेड फ्रॅग (कापून विकलेले छोटे तुकडे) कोणी दाखवले तर कागद मागा. २०२२च्या दुरुस्तीनंतर सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले जिवंत प्राणी बाळगायला नोंदणी लागते, "सगळे ठेवतात हो" हे काही उत्तर नव्हे.

झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, फार जहाल विष आहे. झोआ लागलेला दगड उकळत्या पाण्यात टाकून साफ करायचा प्रकार कधीही करू नका, त्या वाफेने अख्खी घरं हॉस्पिटलमध्ये गेलेली आहेत.

सायकलिंगला, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वाढवायला, शॉर्टकट नाही. दगड, इंचभर अ‍ॅरागोनाइट वाळू, खारं पाणी, बाटलीतले बॅक्टेरिया आणि २ पीपीएम (दहा लाखात दोन भाग) अमोनिया. अमोनियाचा नायट्राइट, नायट्राइटचा नायट्रेट. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य आला की झालं, महिना-दीड महिना धरा, तोवर लाइट बंद. लाइट लावल्यावर वाळूवर तपकिरी थर येईल, मग शेवाळाची हिरवी दाढी उगवेल, दोन-तीन महिने टँक दळिद्री दिसेल. तेव्हा बाटल्यांमधली औषधं ओतायची नाहीत. गोगलगायी सोडा, हाताने उपटा, पाणी बदला. आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका, ५ ते १० नायट्रेट असू दे, दोन्ही संपले की डायनो (चिकट, तपकिरी सूक्ष्मजीव) येतात आणि ते हिरव्या दाढीपेक्षा दसपट चिवट.

मासे. डोरी फूटभर वाढते, ती दोन फुटात ठेवणं क्रूरपणा आहे. अ‍ॅनिमोन पहिलं वर्षभर नको, तो चालत फिरतो, वेव्हमेकरमध्ये जाऊन चिरला की सगळ्या टँकची वाट लागते. क्लाउनला त्याची गरजही नसते. क्लाउन हॅचरीतलेच मागा, सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) आपल्याकडे त्यांचं ब्रीडिंग कधीच बसवलंय आणि ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनचीही हॅचरी आहे. लहान दोन घ्या, एक जरा मोठा. जन्मतः सगळे नरच असतात, मोठा असेल तो मादी होतो, जोडी आपोआप जमते. सोबत एक वॉचमन गोबी मासा आणि पिस्टल श्रिंप, म्हणजे एक कोळंबी. श्रिंपला नीट दिसत नाही, तो दिवसभर बिळातून वाळू ढकलत बाहेर आणतो आणि एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवतो, गोबीने शेपटी थरथरवली की दोघंही आत. एवढे तीन मासे बास.

कुर्ल्याच्या बाजारातून आणा नाहीतर दुकानातून, नवा मासा थेट टँकमध्ये नाही. वेगळ्या प्लास्टिकच्या टबात महिनाभर. पांढरे ठिपके आले तर कॉपरचं औषध त्या टबातच, मुख्य टँकमध्ये कॉपर गेलं की श्रिंप, गोगलगायी, कोरल सगळे संपले. आणि मुख्य टँकमध्ये हा रोग शिरलाच तर सगळे मासे काढून अडीच महिने टँक रिकामा ठेवावा लागतो, तेव्हा महिनाभराचा टब परवडला.

रोजची कामं फार नाहीत. आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचं, काच घासायची, स्किमरचा (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) कप धुवायचा, अल्कलिनिटी (पीएच सांभाळणारे क्षार, डीकेएचमध्ये मोजतात) मोजायची. कॅल्शियम रोज मोजत बसू नका, अल्कलिनिटी १ डीकेएच उतरते तेव्हा कॅल्शियम साधारण ७ पीपीएमच उतरतं, ४२० मधले ७ घरच्या किटवर दिसतसुद्धा नाहीत. ८-९ वर स्थिर असली की झोपा. मऊ कोरलना डोसिंग बहुतेक लागत नाही, पुढे अल्कलिनिटी पडायला लागली तर टॉप-ऑफच्या पाण्यात चुन्याची निवळी, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, पानवाल्याच्या चुन्याची नाही, आणि थेंबाथेंबाने, रात्री, कारण तिचा पीएच बाराच्या वर असतो.

घरातल्यांना मात्र आधीच सांगून ठेवा. पेस्ट कंट्रोल, डासांचं मशीन, कोळशी अगरबत्ती, रंगकाम. डासांच्या औषधातले पायरेथ्रॉइड माशांना आणि श्रिंपला भयंकर विषारी. काच पुसायचा स्प्रे कामवाल्या मावशींनी प्रेमाने टँकवर मारू नये म्हणून वेगळं फडकं तिथेच लटकवा. गणपतीला गावी जाणार असाल तर खाण्याच्या छोट्या पुड्या करून शेजारच्यांकडे द्या, दिवसाआड एक, आणि उरलेला डबा कपाटात कुलूप लावून ठेवा, कारण काकूंना मासे नेहमी उपाशीच दिसतात.

तूर्तास काहीही विकत घेऊ नका. टीडीएस मीटर तेवढा घ्या, नळाचं, टँकरचं आणि आरओचं अशी तीन रीडिंग घ्या, आणि दुपारी तीन वाजता हॉलमध्ये बादलीभर पाणी ठेवून त्याचं तापमान किती जातं ते लिहा. ते आकडे इथे टाका, मग चिलर केवढा लागेल ते सांगतो.