आर्थिक वाढ आणि जागतिकीकरण यांमुळे गरीब देशांतली गरिबी खरंच कमी होते का?

तुम्ही विचारलंय की एक बाजू म्हणते, ‘व्यापार खुला करा, जीडीपी वाढू द्या, गरिबी आपोआप हटेल’ आणि दुसरी म्हणते, ‘यात फक्त धनदांडगे आणखी गब्बर होतात’. तर यात खरं कोणाचं? हा विषय मी बरीच वर्षं शिकवतोय. वर्गात या प्रश्नाला मी थेट हो किंवा नाही म्हणत नाही. मी आधी मुलांना विचारतो: त्या देशातल्या गरीब माणसाकडे विकायला काय आहे, आणि दारं उघडल्यावर त्याचा भाव चढला की पडला?

बहुतेक गरिबांकडे विकण्याजोगं दोनच प्रकारचं असतं. अंगमेहनत, आणि जमिनीचा तुकडा असलाच तर त्यातलं पीक. आर्थिक वाढीमुळे या दोन्हींना गिऱ्हाईक मिळालं तर गरिबी झपाट्याने हटते. ती वाढ त्यांच्या दारावरून तशीच पुढे निघून गेली, तर जीडीपी कितीही फुगो, त्यांच्या घरात काही येत नाही.

सगळे चीनचं उदाहरण देतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. चीन जगाचा कारखाना झाला आणि त्यामुळे गरिबी गेली, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. १९७८ च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग नावाच्या खेड्यात अठरा शेतकरी गुपचूप जमले आणि त्यांनी एका कागदावर करार केला. सामूहिक शेती घराघरांत वाटून घ्यायची, सरकारचा वाटा आधी भरायचा, उरेल ते ज्याचं त्याने ठेवायचं. हे बेकायदा होतं. म्हणून करारात असंही लिहिलं की यापायी गावातला कोणी प्रमुख तुरुंगात गेला तर त्याची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीचे सांभाळतील. खाली अंगठे उठवले. पुढच्या हंगामात पीक कित्येक पटींनी वाढलं, आणि काही वर्षांत हीच पद्धत देशभर लागू झाली.

आता आकडे बघा. दिवसाला १.९० डॉलर ही जागतिक बँकेची काही वर्षांपूर्वीपर्यंतची दारिद्र्यरेषा धरली (देशादेशांतल्या किमतींचा फरक जमेस धरून), तर १९८१ मध्ये चीनमधले शंभरातले ८८ लोक तिच्याखाली होते. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला, तोवर हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आलं होतं. म्हणजे घसरणीचा मोठा भाग त्याआधीच झाला होता, आणि त्याची सुरुवात शेतात झाली होती. किनाऱ्यावरच्या कारखान्यांनी नंतर कोट्यवधी लोकांना मजुरी दिली हे खरंच, पण तिथे पोचणारा माणूस उपाशी नव्हता आणि त्याला लिहिता-वाचता येत होतं. व्हिएतनामची वाटचालही अशीच झाली. १९८६ मध्ये ‘दोई मोई’ नावाच्या आर्थिक सुधारणा आल्या, १९८८ मध्ये जमीन कसायला कुटुंबांकडे आली, आणि आदल्या वर्षापर्यंत तांदूळ आयात करणारा हा देश १९८९ मध्ये जगातल्या मोठ्या तांदूळ निर्यातदारांत जाऊन बसला.

अंगमेहनतीला जगाचं गिऱ्हाईक कसं मिळतं, हे मला बांगलादेशाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कोणाकडून किती कपडे घ्यायचे याचे कोटे बांधले होते. दक्षिण कोरियाला कोटा अपुरा पडू लागला, तेव्हा तिथल्या देवू कंपनीला ज्याच्यावर कोट्याचं बंधन नाही असा देश हवा होता. १९७९ मध्ये चितगावच्या देश गार्मेंट्सने तिच्याशी करार केला आणि आपली १३० माणसं शिकायला दक्षिण कोरियातल्या बुसानला पाठवली. शिलाईची मशिनं, मालाची तपासणी, पॅकिंग, परदेशी गिऱ्हाइकाशी व्यवहार, सगळं ती शिकून आली. पुढच्या काही वर्षांत त्यांतली बहुतेक माणसं नोकरी सोडून गेली. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याचा उभा करून दिला. पहिल्या कंपनीचं नुकसान झालं असेल, पण देशाला एक अख्खा उद्योग मिळाला.

यात सरकारच्या दोन कोरड्या वाटणाऱ्या नियमांचा हात होता, आणि त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही याचं मला वाईट वाटतं. निर्यातीसाठी लागणारं कापड शुल्क न भरता बॉन्डेड गोदामात आणता येऊ लागलं. आणि परदेशी गिऱ्हाइकाने दिलेल्या एलसीच्या (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे मिळतील अशी बँकेची हमी) जोरावर कापड आणण्यासाठी दुसरी एलसी उघडता येऊ लागली. म्हणजे हातात भांडवल नाही पण ऑर्डर आहे, अशा माणसालाही कारखाना चालवणं जमू लागलं.

शिलाईच्या लाइनवर एक बाई अख्खा शर्ट शिवत नाही. एक कॉलर जोडते, दुसरी कफ, तिसरी दिवसभर फक्त काजं करते. म्हणूनच शाळा अर्धवट सोडलेली मुलगीही हे काम थोड्या दिवसांत शिकू शकते. या उद्योगात आज तिथे सुमारे ४० लाख लोक आहेत, त्यांत निम्म्याहून अधिक बायका. रेचल हीथ आणि अहमद मुश्फिक मुबारक या अर्थतज्ज्ञांनी कारखान्यांजवळच्या गावांचा अभ्यास केला, तेव्हा तिथल्या मुली शाळेत जास्त काळ टिकतात आणि त्यांची लग्नं उशिरा होतात असं दिसलं. हिशेब ठेवता आला तर नोकरीत पुढे जाता येतं, हे आईबापांना डोळ्यांसमोर दिसत होतं. गरिबी हटणं म्हणजे काय, हे मला या एका गोष्टीतून जितकं कळलं तितकं जीडीपीच्या कुठल्याही आलेखातून कळलं नाही.

आणि त्याच उद्योगात २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथली राणा प्लाझा ही इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, पण वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आलं. नाही म्हणायची ताकद ज्याच्याकडे संघटना आहे त्यालाच असते, आणि त्या बायकांकडे ती नव्हती. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बांधील असा सुरक्षा करार झाला, हजारो इमारती तपासल्या गेल्या. हे आधी करता आलं नसतं असं मला कोणी पटवून देऊ शकत नाही. मजुरी मिळते ना, मग बाकीचं चालवून घ्या, हा युक्तिवाद मला मान्य नाही.

जिथे गरिबाकडे असलेली वस्तू जगाला नकोच असते, तिथे उलट चित्र दिसतं. इक्वेटोरियल गिनीत १९९० च्या दशकात समुद्रात तेल लागलं. दरडोई उत्पन्नाचा आकडा आफ्रिकेत सगळ्यांत वर गेला, आणि बहुसंख्य लोक गरीबच राहिले. तेलविहिरीला हात फार थोडे लागतात, आणि पैसा थेट राज्यकर्त्यांकडे जातो. बोट्स्वानातही जमिनीतूनच संपत्ती मिळाली, हिऱ्यांची, पण तिथल्या सरकारने खाणीत निम्मी भागीदारी घेतली आणि तो पैसा शाळा, दवाखाने, रस्ते यांवर घातला. तिथेही विषमता प्रचंड आहे, तरी फरक डोळ्यांत भरतो.

आणि जिथे बाहेरचा स्वस्त माल गरिबाच्याच पिकावर येऊन पडतो, तिथे नुकसान थेट त्याचं. हैतीने १९९५ मध्ये बाहेरच्या दबावाखाली तांदळावरचं आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणलं. अमेरिकेतला, तिथल्या सरकारी अनुदानावर पोसलेला तांदूळ देशभर पसरला आणि भातशेतकरी कोलमडला. शहरातल्या गरिबाला भात स्वस्त मिळाला, हेही लपवायला नको. पण गाव सोडून शहरात आलेल्या शेतकऱ्याला तो स्वस्त भात विकत घ्यायला मजुरी कुठे होती? २०१० मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे या धोरणातली आपली चूक जाहीरपणे मान्य केली. कापसाचंही तसंच. बुर्किना फासो, बेनिन, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की श्रीमंत देशांनी कापसावरचं अनुदान थांबवावं. दान नको, फक्त आमचा भाव पाडू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गरीब देशांना खुल्या बाजाराचे धडे देणारे देश स्वतःची शेती झाकून ठेवतात, याचा मला आजही संताप येतो.

लोक स्वतः सीमा ओलांडतात त्याची चर्चा कमी होते, म्हणून थोडं लिहितो. नेपाळच्या सरकारी रेषेनुसार १९९५-९६ मध्ये ४२ टक्के लोक गरीब होते, २०१०-११ मध्ये २५ टक्के. मधल्या काळात तिथे यादवी युद्ध झालं, वाढीचा दरही काही डोळे दिपवणारा नव्हता. यातला मोठा वाटा मलेशिया, आखाती देश आणि भारतात राबणाऱ्यांनी घरी पाठवलेल्या पैशांचा होता.

एकूण जगाचं विचाराल, तर १९९० मध्ये साधारण तिघांतला एक जण अतिगरीब (म्हणजे वर सांगितलेल्या १.९० डॉलरच्या रेषेखाली) होता, २०१९ पर्यंत दहांतल्या एकाहूनही कमी. पण सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत अतिगरिबांची संख्या त्याच काळात वाढली, १९९० मध्ये सुमारे २८ कोटी होती ती २०१५ मध्ये ४१ कोटींवर गेली. म्हणून ‘जागतिकीकरणाने गरिबी घटवली’ असं कोणी म्हटलं की मी विचारतो, कुठल्या देशातली?

तिथेही शिलाईच्या वाटेने जायचा प्रयत्न झाला. इथिओपियाने हवासा इथे २०१६ मध्ये मोठं औद्योगिक संकुल उभारलं. अमेरिका आफ्रिकी देशांच्या मालाला शुल्कमाफी देत होती, त्यावर भिस्त ठेवून परदेशी ब्रँड आले, आजूबाजूच्या खेड्यांतल्या हजारो तरुण मुली मशिनवर बसल्या. मग इथिओपियाच्याच टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं, आणि १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने इथिओपियाची ती माफी काढून घेतली. शिक्षा सरकारला द्यायची होती. ऑर्डरी आटल्या, कारखान्यांनी काढता पाय घेतला, आणि ज्या मुलींचा त्या युद्धाच्या निर्णयात काही हात नव्हता त्या मशिनवरून उठून आपापल्या गावी परत गेल्या.